बँकॉकहून बाबांना पत्र

बँकॉक
वैशाख

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

येथील राजवाड्यासमोरच्या सनाम लुआंग मैदानावर शाही नांगरणीचा विधी परवा पाहिला आणि तुमची फार आठवण झाली. पेरणीच्या तोंडावर, मे महिन्यात, ज्योतिषी मुहूर्त काढतात. आदल्या दिवशी राजवाड्यातल्या बुद्धमंदिरात बियाण्यावर मंत्रपठण होते आणि दुसऱ्या दिवशी पांढऱ्या वेषातले ब्राह्मण शंख फुंकत मैदानात येतात. नांगर मात्र कृषी मंत्रालयाचे सचिव धरतात. त्याआधी ते घडी घातलेल्या तीन वस्त्रांतून एक उचलतात. ते आखूड निघाले तर पाऊस भरपूर, लांब निघाले तर कमी. चिखलात उतरायचे तर धोतर वर खोचावे लागते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

नांगरणी झाली की बैलांपुढे भात, मका, कडधान्य, तीळ, गवत, पाणी आणि मद्य ठेवतात. बैल मद्याला लागले तर परदेशाशी व्यापार वाढेल, असे भाकीत आहे! जगाच्या बाजारपेठेची सोय या विधीने स्वतःच करून ठेवली आहे, हे ऐकून मला हसू आवरेना. बैलांना येथे ‘फ्रा खो’ म्हणतात. त्यातला ‘खो’ म्हणजे आपला ‘गो’.

ही प्रथा मध्यंतरी बंद पडली होती. राजे भूमिबोल यांनी 1960 मध्ये ती पुन्हा सुरू केली. सगळ्याच विधींच्या नशिबी हे नसते. येथील ब्राह्मणांच्या 1784 सालच्या देवस्थानासमोर उत्सवातल्या झोक्याचे उंच लाल खांब अजून उभे आहेत, पण 1935 पासून त्यावर झोका चढलेला नाही. पर्यटक खांबांचे फोटो काढून निघून जातात. त्या उत्सवातली पूजा मात्र पुरोहित आतल्या आत दरवर्षी करतात.

मला खरी जान दिसली ती नांगरणी आटोपल्यावर. अडसर दूर होताच लोक नांगराच्या तासांत पेरलेले दाणे वेचायला धावले. माझ्या शेजारच्या आजीबाई मातीत बसून एकेक दाणा नखाने उकरत होत्या आणि रुमालाच्या गाठीत बांधत होत्या. हे दाणे घरच्या बियाण्यात मिसळायचे, असे त्यांनी मला सांगितले. नांगर कशाने ओढता, असे विचारले, तर म्हणाल्या, यंत्राने. बैल केव्हाच गेले.

आपली जोडी विकल्यापासून तुम्ही पोळ्याला मातीचे बैल पुजता. यंदा त्यांची खांदेमळणी करताना मला फोन लावून ठेवा, मी ऐकत राहीन. आईस नमस्कार.

आपला,
बाळू