शेतकरी बाजारात शेतकरी कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला शेतकरी बाजारावरचा लेख काल वाचला. रात्रभर डोक्यातून गेला नाही, म्हणून आज लिहायला बसले.

ठाण्यात मोकळ्या जागेवर शेतकऱ्यांचा बाजार भरावा, लांबून लोकांनी तो बघायला यावं, ही त्या लेखातली कल्पना. तिला माझा अजिबात विरोध नाही. गावदेवी मैदानावरच्या आंबा महोत्सवाला मुंबईहून माणसं येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण लेखात दिव्यांच्या माळा आहेत, रंगीत छत्र्या आहेत, फोटो काढायला सजवलेला कोपरा आहे, संध्याकाळी चार ते नऊची वेळसुद्धा ठरवून टाकली आहे. शेतकरी कुठून येणार, किती वाजता निघणार आणि उरलेल्या मालाचं काय करणार, याबद्दल एक ओळ नाही. ओतूर-जुन्नरकडचा माणूस माळशेज उतरून येतो. रात्री नऊला बाजार उठवून पावसाळ्यात त्याने तो घाट परत चढायचा का? पालेभाजी आदल्या दिवशी काढलेली असते. सकाळी आठला तिला जो भाव मिळतो तो दुपारनंतर कोणी देत नाही. पाहुण्यांची सोय बघून वेळ ठरली, तर शेतकरी दोन आठवडे येईल आणि तिसऱ्या आठवड्यात त्याची जागा व्यापारी घेईल.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. आमच्या भागात दर रविवारी असा बाजार भरतो. ‘थेट शेतातून’ असा भला मोठा फलक आहे. मागच्या महिन्यात तिथे सफरचंदांचा ढीग दिसला. एक उचलून पाहिलं तर त्यावर परदेशी स्टिकर! विक्रेत्याला विचारलं, “दादा, गाव कोणतं?” म्हणाला, “जुन्नर.” “जुन्नरमध्ये कुठे?” तर तो शेजारच्या गाळेवाल्याकडे बघायला लागला. आयोजकांकडे गेले. ते म्हणाले, “मॅडम, गिऱ्हाइकाला सगळं एका जागी लागतं, वाशीच्या घाऊक बाजारातून थोडं आणावंच लागतं.” मग फलकावर तसं लिहा ना! वाशीच्या मार्केटचा माल आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडेही मिळतो, आणि तो शेतकरी असल्याचं सोंग घेत नाही. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीबाहेर विकायची मोकळीक दिली, आणि त्याच वर्षी शेतकरी आठवडे बाजारांच्या योजनेला संत सावता माळी यांचं नाव दिलं. ज्यांनी अरणच्या मळ्यात स्वतः राबून भाजी पिकवली, त्यांच्या नावाच्या योजनेचा हा अर्थ होऊ नये.

लेखात न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरचा दाखला आहे. तो बाजार 1976 पासून भरतो आणि आठवड्यातून चार दिवस असतो. तिथला मूळ नियम असा, की जे तुम्ही स्वतः पिकवलं, स्वतः बनवलं, तेच विकायचं. लोक तिथे जातात ते यासाठी. लेखात छत्र्यांचं वर्णन आलं, नियम गळला. आणि एवढ्या लांब जायची गरजही नव्हती. तमिळनाडूतले उळवर संदै आणि आंध्रातले रयतू बाजार दोन्ही 1999 मध्ये सुरू झाले. रयतू बाजारात शेतकऱ्याची पडताळणी करून त्याला फोटोचं ओळखपत्र देतात. ते आपल्याला का जमू नये?

पण ओळखपत्र म्हटलं की मला एक बाई आठवतात. मृगाचा पाऊस पडला की त्या कसारा लोकलने पहाटे शहापूरकडून ठाण्याला यायच्या. पाटीत रानभाज्या: शेवळं, कंटोळी, नंतर भारंगी, टाकळा. शेवळांची जुडी सागाच्या पानात बांधून द्यायच्या आणि वर मूठभर काकडं, म्हणजे छोटी आंबट रानफळं, न मागता टाकायच्या. “काकडं घातल्याबिगर शिजवू नको गं ताई, घसा धरंल,” हे दर वर्षी, मी पंधरा वर्षं घेत असूनही. मी त्यांना म्हटलं होतं, मावशी, रविवारच्या बाजारात बसा, तिथे छप्पर आहे. त्या गेल्या. जागेचं भाडं सांगितलं पाचशे रुपये. त्यांची अख्खी पाटी विकून तेवढे मिळत नसत. वर सातबारा मागितला. रानातून भाजी खुडून आणणाऱ्या बाईकडे कुठला सातबारा? ग्रामपंचायतीचा दाखला घेऊन काम भागलं असतं.

स्टेशनबाहेर तर त्यांना बसताच येत नाही. 2017 मधल्या मुंबईच्या एल्फिन्स्टन स्टेशनवरच्या दुर्घटनेनंतर उच्च न्यायालयाने स्टेशनच्या दीडशे मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. चेंगराचेंगरीत माणसं गेली होती, त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. पण 2014 च्या पथविक्रेता कायद्यात पिढ्यान्‌पिढ्या भरत आलेल्या जागेला ‘नैसर्गिक बाजार’ म्हणून मान्यता द्यायची तरतूद आहे. दीडशे मीटरच्या पलीकडे, चालत जाता येईल अशी एक जागा या बायकांसाठी जूनपासून ऑगस्टपर्यंत सकाळी सहा ते अकरा राखून ठेवायला किती खर्च येणार आहे? पाण्याचा नळ आणि एक स्वच्छ शौचालय द्या. पहाटे चारला घरून निघालेली बाई दुपारपर्यंत पाणी न पिता बसते, कारण जायला जागा नाही. पाहुण्यांना काही वेगळं दाखवायचं असेल तर सह्याद्रीच्या रानातली ही पाटी दाखवा. शेवळं आणि कंटोळी घ्यायला दादर-गिरगावातून लोक धावत येतील. गेल्या दोन पावसाळ्यांत मावशी मला दिसलेल्या नाहीत.

आता जाता जाता एक. त्याच लेखासोबत पाटी घेऊन बसलेल्या एका आदिवासी बाईंचा फोटो आहे आणि खाली छापलंय ‘केळफूल विकणारी महिला’. ती शेवळं आहेत. नावातली किरकोळ चूक म्हणून सोडून देऊ नका. शेवळं सुरणाच्या कुळातली. आतला पिवळा भाग काढून, काकडांच्या रसात शिजवली नाहीत तर घशाला अशी खाज सुटते की दिवसभर बोलता येत नाही. तुमचा फोटो पाहून कुणी ती जुडी आणली आणि केळफुलासारखी नुसती ताकाच्या पाण्यात घालून परतली, तर काय होईल? कृपया उद्याच्याच अंकात दुरुस्ती छापावी. सध्या शेवळांचे दिवस आहेत.

आपली,
एक जुनी वाचक,
नौपाडा, ठाणे