पोकरवर पोट भरायचं म्हणतोस, म्हणून

पुणे

प्रिय मंदार,

पत्र मिळालं. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे, आणि खोलीभाडं, मेस, फी सगळं पोकरमधून काढायचं तुझ्या मनात आहे. "जमेल का?" एवढंच विचारलंयस. हे आकड्यांवर ठरतं, म्हणून आधी आकडेच मांडतो. पाठ थोपटायला किंवा घाबरवायला बसलेलो नाही.

पहिली गोष्ट जागेची. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद केले. पोकर कौशल्याचा खेळ की नशिबाचा, या वादाला त्या कायद्यात जागाच ठेवलेली नाही. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, बँकांनाही असे व्यवहार पुढे पाठवायला मनाई आहे. तेव्हा परदेशी अ‍ॅपवर आडवाटेने पैसे भरायचे म्हणशील तर भरलेले पैसे अडकले की दाद मागायला दार नाही. कोथरूड-बाणेरच्या फ्लॅटमध्ये रात्री चालणारे डावही सोड. महाराष्ट्रात १८८७चा जुगारबंदी कायदा अजून लागू आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तिथे उधारीवर चिप्स मिळतात, पत्ते कोण पिसतंय हे बघायला कोणी नसतं, आणि दोघं आधीच ठरवून बसले असतील तर तुला ते महिनोन् महिने कळत नाही. राहता राहिला गोवा. पणजीच्या कॅसिनोंमध्ये २१ वर्षं पूर्ण असतील तरच आत सोडतात, ओळखपत्र बघतात.

आता गोव्याचा हिशेब. १००/२०० ब्लाइंडचं टेबल धर, म्हणजे प्रत्येक डावाआधी दोघांनी सक्तीने लावायचे पैसे १०० आणि २०० रुपये, त्यातले २०० हा बिग ब्लाइंड. बाय-इन, म्हणजे टेबलावर बसताना घ्यायच्या चिप्स, १०० बिग ब्लाइंडचा, म्हणजे २०,००० रुपये. समोरासमोरच्या खेळात तासाला साधारण ३० डाव होतात. तू महिन्यातून सहा दिवस गेलास, रोज सहा तास खेळलास, तर ३६ तास, १,०८० डाव. १०० डावांमागे १० बिग ब्लाइंड हा कमाईचा वेग खरोखर चांगल्या खेळाडूचा. तो तुला साधला असं मानलं तरी महिन्याची अपेक्षित कमाई १०८ बिग ब्लाइंड, २१,६०० रुपये. पुण्याहून जाणं-येणं, सहा रात्रींची साधी खोली आणि जेवण मिळून १५,००० धर. हातात ६,६०० उरले, आणि यातून अजून कर गेलेला नाही.

पण त्याहून मोठी अडचण चढ-उताराची आहे. नो-लिमिट होल्डेममध्ये, म्हणजे पैजेला वरची मर्यादा नसलेल्या या पोकरमध्ये, १०० डावांमागे ९० बिग ब्लाइंडच्या आसपास विचलन (सरासरीच्या वर-खाली जाणारा हेलकावा) धरतात. १,०८० डावांवर ते जवळजवळ ३०० बिग ब्लाइंड होतं, म्हणजे ५९,००० रुपये. सरासरी २१,६००ची आणि हेलकावा ५९,०००चा. उत्तम खेळूनही दर तीन महिन्यांत एक महिना टेबलावरच तोट्याचा जाणार, आणि असं वर्षभर खेळल्यावरही प्रवासखर्च धरून एकूण तोट्यात असण्याची शक्यता एक-तृतीयांशाच्या आसपास राहते. खोलीमालकाला तुझी सरासरी सांगून चालत नाही, त्याला पाच तारखेला भाडं लागतं. म्हणून भाडं, मेस आणि फी पोकरच्या पैशावर ठेवू नकोस. भाड्याची चिंता घेऊन बसलेला माणूस फोल्ड करायच्या (पानं टाकून द्यायच्या) जागी कॉल करतो (समोरच्याइतके पैसे घालतो), किंवा पुढे असताना भीतीने उठतो. दोन्हींत त्याची धार जाते, आणि वर मांडलेला हिशेब सगळा त्या धारेवरच उभा आहे.

कर हा विषय बहुतेक खेळाडू शेवटी बघतात, तू आधी बघ. २२ सप्टेंबर २०२५पासून कॅसिनोवरचा जीएसटी ४० टक्के झाला. तुझ्या बाय-इनवर तो कसा लागतो, म्हणजे पोकर रूम स्वतः सोसते की तुझ्याकडून घेते, हे चिप्स घेण्याआधी काउंटरवर स्पष्ट विचार. तुझ्या २०,०००तूनच कापला तर चिप्स मिळतील १४,२८६च्या, ५,७१४ जागच्या जागी गेले. सहा तासांत तुझी अपेक्षित कमाई १८ बिग ब्लाइंड, ३,६०० रुपये. म्हणजे दिवसभर उत्तम खेळून तू कराइतकंही कमावत नाहीस. अशा टेबलावर बसायचंच नाही. त्यासोबत रेक, म्हणजे प्रत्येक पॉटमधून (डावात जमलेल्या पैशांतून) रूम कापून घेते तो हिस्सा, किती टक्के, त्याची कमाल मर्यादा काय, हेही विचार. लहान ब्लाइंडच्या टेबलावर रेक जास्त जाचतो, कारण पॉट लहान असले की तो मर्यादेला पोचतच नाही, जवळपास प्रत्येक पॉटमधून पूर्ण टक्का जातो.

आयकर वेगळाच. पत्त्यांच्या खेळातल्या जिंकीवर सरसकट ३० टक्के, वर ४ टक्के सेस, मिळून ३१.२. उत्पन्न कमी आहे म्हणून सूट नाही, प्रवास-राहण्याचा खर्च वजा होत नाही, तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. स्पर्धेचं बक्षीस १०,०००च्या वर गेलं की टीडीएस कापूनच हातात येतं. प्रत्येक बैठकीची तारीख, जागा, बाय-इन, उठतानाची रक्कम आणि तास वहीत लिही, पावत्या जप, आणि जून-जुलैत नव्हे, आत्ताच एखाद्या सीएला भेट.

बँकरोलचं, म्हणजे फक्त खेळासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचं म्हणशील तर कॅश गेमला (स्पर्धा नसलेल्या, थेट पैशांच्या खेळाला) किमान ४० बाय-इन, म्हणजे १००/२००साठी आठ लाख. स्पर्धांना २०० बाय-इनसुद्धा जास्त नाहीत, कारण तिथे बहुतेक वेळा हात हलवतच परतावं लागतं. पैसे तीन खात्यांत ठेव. एकात बँकरोल. दुसऱ्यात कमीत कमी सहा महिन्यांचा घरखर्च, एफडीत, ज्याचं कार्ड गोव्याला न्यायचंच नाही. तिसऱ्यात कर, आणि जिंकलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा पुण्यात परतल्याच्या दिवशीच तिकडे वळवायचा. बँकरोल ३० बाय-इनवर आला की खालच्या ब्लाइंडवर उतरायचं, आणि ही रेघ घरी शांतपणे बसून आखायची, टेबलावर नाही. खर्चाला पैसे काढायचे तर तिमाहीला एकदाच, आणि ४० बाय-इनच्या वर जे असेल त्यातूनच. आठ लाख नसतील तर उसने आणू नकोस, आईबाबांची एफडी तर मोडूच नकोस. कोणी भांडवल देऊन नफ्यात निम्मा वाटा मागितला तर मेकअपची अट आधी लेखी घे: तुझा जुना तोटा पूर्ण भरून निघेपर्यंत तुला वाटा मिळत नाही, त्यामुळे दोन लाखांच्या खड्ड्यात माणूस महिनोन् महिने फुकट राबतो.

आता अभ्यास. तुझे दोन अभ्यास आहेत आणि दोन्हींना सकाळचं डोकं लागतं. ७५ टक्के हजेरीचा नियम लक्षात ठेव. महिन्यात सहा दिवस गेलास तर आजारपणाला जागाच उरत नाही. सेमिस्टरच्या आधीचे सहा आठवडे गोवा पूर्ण बंद. पोकरच्या अभ्यासाला आठवड्याला पाच तास पुष्कळ झाले, पण ते व्हिडिओ बघण्यात घालवू नकोस. टेबलावर अडखळलेले चार डाव लिहून आण आणि एकेक डाव सोडव.

उदाहरण घे. तुझ्याकडे बदामाचा एक्का आणि बदामाचीच पंजी. टेबलावर बदाम राजा, किलवर सत्ती, बदाम दुर्री, चौथं पान इस्पिक नव्वी. पॉट ६,०००, समोरच्याने ४,००० लावले. ४,००० घालून १४,०००चा पॉट होतो, म्हणजे कॉल परवडायला २८.६ टक्के जिंकायला हवं. आणखी एक बदाम आलं की तुझी पाच बदामं, म्हणजे फ्लश होतो. न दिसलेली पानं ४६, त्यांत बदाम ९, म्हणजे १९.६ टक्के. फक्त बदामच तारणार असं धरलं तर कॉल नुसत्या पॉटवर बसत नाही. शेवटच्या पानावर बदाम आल्यावर सरासरी आणखी ६,४०० तरी निघायला हवेत. मग खरा प्रश्न सुरू होतो: त्याच्यापुढे तेवढ्या चिप्स आहेत का? तिसरं बदाम उघडल्यावर हा माणूस पैसे देतो का? बदाम सत्ती किंवा नव्वीच आली तर त्याचं फुल हाऊस (तीन सारखी आणि दोन सारखी पानं, फ्लशपेक्षा वरचढ) होऊ शकतं का? ही उत्तरं लिहून काढ, मगच सॉल्व्हर, म्हणजे डावाचं उत्तर काढून देणारं सॉफ्टवेअर, उघड. सॉल्व्हरचं उत्तर आधी बघितलं की डोकं काही शिकत नाही, नुसतं हो म्हणतं.

गोव्यात असताना एक बैठक सहा तासांची, दोन बाय-इन गेले की उठायचं. तिसरा बाय-इन वाईट नसतो, पण तो काढणारा माणूस तोपर्यंत बदललेला असतो. टेबलावर दारू नाही. पहाटे चारपर्यंत बसायचा मोह होईल, कारण तेव्हा समोरचे दमलेले आणि प्यायलेले असतात, पण तूही दमलेला असतोस आणि पुढचे दोन दिवस वर्गात झोपतोस. पुण्यात परतल्यावर सकाळी तळजाई किंवा वेताळ टेकडी चढून ये, नऊला अभ्यासिकेत पोच. जागरणाचं घड्याळ मोडायला त्याहून चांगला उपाय माझ्या माहितीत नाही.

आणि एक, हे मी काळजीपोटी लिहितोय. हरलेला आकडा घरी कमी करून सांगावासा वाटू लागला, हरलेलं काढायला म्हणून वरच्या ब्लाइंडवर बसलास, किंवा फीचे पैसे "दोन दिवसांपुरते" उचललेस, तर ते बँकरोलचं गणित राहत नाही. त्या दिवशी खेळ थांबव आणि मला फोन कर. माझ्याशी बोलणं अवघड वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

माझं मत विचारशील तर डिग्री पूर्ण कर, नोकरी किंवा शिकवण्या धर, त्यातून भाडं भाग, आणि पोकर वर्षातून चार-पाच फेऱ्यांपुरतं ठेव. ५०० तासांची वही भरली की १५,००० डाव होतील. तेवढ्यानेही तुझा खरा वेग पक्का कळत नाही, पण तू साफ हरणारा आहेस की नाही याचा अंदाज येतो. आत्ता तुझ्याकडे तोही नाही.

रविवारी दुपारी ये. आतापर्यंतच्या बैठका आठवतील तशा कागदावर उतरवून आण, हरलेल्यासुद्धा. आई पुरणपोळी करणार आहे. जेवण झालं की एक्सेल उघडून बसू.

तुझा,
निखिल