सुनंदास, आत्याच्या ओळखपत्राबद्दल

पुणे,
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय सुनंदा,

दिवाळीचा फोन राहिला, त्यावरून नंतर भांड. आधी हे वाच, कारण तुझ्याशिवाय हे सांगू कोणाला? घरात सगळे म्हणतात, एका मताने काय होतंय.

आत्या ह्या विधानसभेच्या मतदानाला जाणार नाही म्हणते. आपली आत्या! ८९ साली आपल्या दोघींना पहाटे उठवून, कोऱ्या साड्या नेसवून "चहा आल्यावर, आधी शिक्का" म्हणत शाळेत पिटाळणारी.

मे महिन्यात लोकसभेच्या वेळी तिला केंद्रावरून परत पाठवलं हे तुझ्या कानावर आलंच असेल. वाईचं घर बंद करून ती इकडे आली, तेव्हाच मी यादीतला पत्ता बदलायचा तिचा फॉर्म ८ भरला होता. तरी १३ मेला इथल्या यादीत नाव नाही. नाव अजून वाईलाच, आणि साताऱ्याचं मतदान ७ तारखेलाच उरकलेलं. मतदार कार्ड पुढे धरून ती विचारत होती, "अहो, हे सरकारनंच दिलंय ना?" मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, बाजूला व्हा." ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलंय.

आता नाव इथे आलंय. मी यादीत बघितलं: सुमती, वय ७९, पुढे काकांचं नाव, सगळं बरोबर. मतदार चिठ्ठीही येईल, पण नुसती चिठ्ठी ओळख म्हणून २०१९ पासून चालत नाही. नवं कार्ड अजून आलेलं नाही. जुनं आहे ते नव्वदीतलं, लॅमिनेट केलेलं. फोटोत डोक्यावरचा पदर तेवढा ओळखू येतो, चेहऱ्याच्या जागी करडा डाग आहे. कार्ड दुसऱ्या मतदारसंघाचं असलं तरी इथल्या यादीत नाव असलं की चालतं, नावातल्या बारीकसारीक चुकांवरूनही अडवायचं नाही, असे आयोगाचे आदेश आहेत. पण फोटोवरून माणूस ओळखता येत नसेल, तर बाकीच्या बारा कागदांपैकी एक लागतो. पॅन, पासपोर्ट, लायसन्स, पेन्शनचे कागद, नोकरीचं ओळखपत्र, मनरेगाचं जॉब कार्ड वगैरे. आत्याने कधी गाडी चालवली नाही, परदेशी गेली नाही, कोणाचा पगार घेतला नाही. उरलं आधार. आणि आधारवर ती द्वारका आहे!

वाईला कोणीतरी तिच्या शाळेच्या दाखल्यावरून आधार काढून दिलं. १९६४ साली बोहल्यावर तिची सुमती झाली, ते कागदावर कुठेच नाही. नाव बदलायला गेलो तर लग्नाचा दाखला आणा म्हणाले. त्या काळी कोण नोंदवत होतं लग्न?

आता तू म्हणशील, कार्डं नसती तर काय झालं असतं ते माझ्याकडे बघ. माहीत आहे गं. ८९ साली तू टेबलापाशी पोचलीस तर तुझ्या नावावर दुसरीच कोणी शाई लावून गेलेली. तू हटून बसलीस, प्रदत्त मतपत्रिका घेतलीस, शिक्का मारलास, आणि ते मत वेगळ्या लिफाफ्यात जातं, मोजणीत धरत नाहीत, हे संध्याकाळी कळल्यावर जेवली नाहीस. ९३ साली मुख्य निवडणूक आयुक्त शेषननी फोटोची ओळखपत्रं काढायचा आदेश दिला तेव्हा तू पेढे वाटलेस. (आणि तुझ्या स्वतःच्या कार्डावरच्या फोटोत तू शिंकायच्या बेतात आहेस. मी ते अजून विसरले नाही.) त्यावरून आपण किती भांडलो! तुझं म्हणणं, तोतया थांबला पाहिजे. माझं म्हणणं, तोतयासाठी लावलेल्या कडीत खरी बाई अडकते. मी आजही तेच म्हणते. पहिल्या निवडणुकीत "अमक्याची बायको, तमक्याची आई" एवढंच सांगणाऱ्या सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गेली होती. स्वतःचं नाव सांगितलं नाही म्हणून. आत्याला तर दोन नावं आहेत, दोन्ही दुसऱ्यांनी ठेवलेली, आणि दोन्ही मिळून तिची ओळख पटेना. मला ह्याचा संताप येतो, सुनंदा, आणि तो गिळवत नाही.

पण वाट सापडली आहे. फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं, आणि तिचं खातं सुमती नावावर आहे. फक्त पासबुकावर फोटो नव्हता. परवा तिला रिक्षाने बँकेत नेलं. काउंटरवरच्या मुलीने डिंकाने फोटो चिकटवला, कडा बोटाने दाबल्या, आणि शिक्का असा मारला की अर्धा फोटोवर, अर्धा पानावर. वर सही. आत्या म्हणाली, "चेहऱ्यावर नको हं मारूस." त्या मुलीने शिक्का खांद्यावर घेतला. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

म्हणजे कागदाचं जमलं. यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक, सगळं एका पाकिटात घालून ठेवलंय. जुनं कार्डही त्यातच. आता आत्याचं जमत नाही. "पुन्हा सगळ्यांपुढे परत पाठवलं तर?" एवढंच म्हणते आणि जपाला बसते. मी नियम वाचून दाखवले, मतदारांच्या १९५० ह्या हेल्पलाइनला फोन लावून स्पीकरवर ऐकवला. तिला नियम नकोत. पुन्हा बाजूला व्हायचं नाही, इतकंच. पंच्याऐंशीच्या पुढच्यांचं मत घरी येऊन घेतात, पण ती ७९ची. आणि खरं सांगू, मला तिचं मत घरी नकोच आहे. तिने केंद्रावर जाऊन, त्याच टेबलापुढे उभं राहून द्यावं.

माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. तू दहा वर्षं बीएलओचं, म्हणजे मतदारयादीचं, काम केलंस, तू सांगितलंस की हे पासबुक चालेल, तर तिला ते पटेल. दुपारी चारनंतर फोन कर, तेव्हा ती जागी असते. समजूत घालू नकोस, वर्गात बोलतेस तशी दरडाव. मतदान २० तारखेला, बुधवारी आहे, त्याआधी कर.

माझं बीपी ठीक. ह्यांचा खोकला आहे तसाच. तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? ऑपरेशन करणार असशील तर मी येऊन राहते, बाई ठेवू नकोस. अमेयला नोकरी लागली हे दुसऱ्याकडून कळलं, त्याला माझा आशीर्वाद. तुझी बदली रद्द झाली का ते कळव.

आणि पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस, आधी आत्याला फोन लाव.

तुझी,
मंगल