शांततेच्या वचनाचा हिशेब द्या: महापौरांना खुले पत्र

माननीय महापौर यांस,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात शहराच्या शांतता दिनाच्या कार्यक्रमात आपण माझ्या आईला पहिल्या रांगेत बसवलेत, भाषणात तिच्या धीराचा गौरव केलात आणि तिच्या शेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेतलेत. दुसऱ्याच दिवशी तिचा रहिवासी नोंदीचा अर्ज आपल्या कार्यालयातून परत आला. त्यावर शेरा होता : ‘रहिवासाचा पुरावा जोडलेला नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.’ तो पुरावा दंगलीत आमच्या घरासोबत जळाला, हे आपल्याला माहीत आहे. त्या जाळपोळीनंतर भर सभागृहात आपणच शब्द दिला होता, की कागद जळाले म्हणून या शहरात कोणालाही परके ठरवले जाणार नाही. त्याच सभेत आपण शांतता आणि ऐक्यभावाच्या प्रतिज्ञापत्रावर सही केलीत, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण आम्हाला ते खरे वाटले होते.

भाडेकराराचा अर्धवट जळालेला एक तुकडा आई प्लास्टिकच्या पिशवीत जपून नेते. खिडकीपलीकडच्या लिपिकाने तो उलटसुलट पाहिला, यावर दिनांक दिसत नाही असे सांगितले आणि परत सरकवला. दिनांक जळालेल्या बाजूला होता, असे आई म्हणाली. त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते, आणि मी त्या लिपिकाला दोष देणार नाही. आपल्या प्रतिज्ञेबद्दल त्याला कोणी काही कळवलेलेच नव्हते. सही झाली, पण परिपत्रक निघाले नाही. जळालेल्या कागदांऐवजी काय ग्राह्य धरायचे, शेजाऱ्यांचे जबाब चालतील का, निर्णय कोणी आणि किती दिवसांत द्यायचा, यातले काहीही लेखी नाही. नोंद नाही म्हणून नुकसानभरपाई अडली आहे, मतदार यादीतले नाव अडले आहे, माझ्या भाचीचा शाळाप्रवेश अडला आहे. दार जोरात आपटले तरी आई आजही आधी चपला शोधते. मी कामावर रजा मागत राहते आणि रात्री तिच्या खोलीतला दिवा चालू आहे का, हे पाहत राहते. हे सारे आम्ही मुकाट्याने सोसले, कारण आपल्या शब्दावर आमचा विश्वास होता.

महापौरांनी शांततेची प्रतिज्ञा घेण्याची रीत कुठून आली, हे आपण त्या दिवशी सांगितले नाही, म्हणून मी लिहिते. 24 जून 1982 रोजी हिरोशिमाचे महापौर ताकेशी अराकी यांनी संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरणावरील विशेष अधिवेशनात जगातल्या शहरांना एकत्र येण्याचे आवाहन केले. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेच्या मूळ नावातच शहरांचा परस्पर ऐक्यभाव होता. आज ती ‘मेयर्स फॉर पीस’ म्हणून ओळखली जाते आणि 8,000 हून अधिक शहरे तिची सदस्य आहेत. हे आवाहन करणाऱ्या शहरात अणुबॉम्बमुळे 1945 च्या अखेरपर्यंत सुमारे 1,40,000 माणसे मेली होती. नागासाकीचे महापौर हितोशी मोतोशिमा यांनी 1988 मध्ये जपानच्या सम्राटावरही दुसऱ्या महायुद्धाची जबाबदारी येते असे जाहीरपणे म्हटले, आणि 1990 च्या जानेवारीत त्यांच्यावर गोळी झाडली गेली. ते वाचले. महापौराच्या शब्दाला केवढी किंमत असू शकते, हे त्या माणसाने दाखवले, आणि आमच्याकडे तोच शब्द एका परिपत्रकापर्यंतही पोहोचत नाही.

हे माझ्या अधिकारात नाही, असे आपण सांगाल, कारण आपल्या कार्यालयाने मला तेच सांगितले आहे. अण्वस्त्रे आपल्या अधिकारात नाहीत, हे मान्य आहे. याच संघटनेने 2020 पर्यंत अण्वस्त्रमुक्त जगाचे ध्येय ठेवले होते. ते वर्ष उलटून गेले, आणि जगात आजही 12,000 हून अधिक अण्वस्त्रे आहेत. त्याचा जाब मी तुम्हाला विचारत नाही. पण नोंदणीची खिडकी तुमच्या अधिकारात आहे. इटलीत 2018 मध्ये आश्रय मागणाऱ्यांची रहिवासी नोंद अडवणारा कायदा आला, तेव्हा पालेर्मोचे महापौर लिओलुका ऑर्लांदो यांनी आपल्या नोंदणी कार्यालयाला त्या तरतुदींची अंमलबजावणी थांबवायला सांगितले. त्यांच्यावर टीका झाली, त्यांना कायद्याचा धाक दाखवला गेला, आणि 2020 मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती बंदीच घटनाबाह्य ठरवली. तुमच्यासमोर तर असा कोणता कायदाही आडवा आलेला नाही. तुम्हाला एक कागद काढायचा होता आणि तो तुम्ही काढला नाही.

माझा राग एकट्या तुमच्यावर नाही, हेही लिहिले पाहिजे. ही सगळी व्यवस्थाच अशी आहे, की सही करताना समारंभ होतो आणि सही मोडताना कोणाला पत्ताही लागत नाही. रस्ता खचला तर ठेकेदाराला नोटीस जाते, कर थकला तर आमच्या दारावर जप्तीची सूचना लागते. वचन थकले तर मात्र त्याची वसुली करणारा विभाग कुठल्याच नगरपालिकेत नसतो. अशा प्रतिज्ञेला कायद्याचे बंधन नसते, म्हणून ती करणे सर्वांना सोपे जाते. विरोधी पक्षानेही त्या दिवशी एकमताने हात वर केले होते. त्यानंतर त्यांच्यापैकी एकानेही सभागृहात यावर प्रश्न विचारलेला नाही. शांतता समितीच्या बैठकांची कार्यवृत्ते मी मागितली, तर ‘आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे’ एवढेच उत्तर मिळाले. संबंधित विभाग कोणता, हेही त्यात लिहिलेले नाही.

दुसऱ्या शहरांत हे जमलेले आहे. दक्षिण कोरियातल्या ग्वांगजू शहराने 1980 मध्ये आपल्याच लष्कराच्या गोळ्या झेलल्या. त्या शहराने 2012 मध्ये मानवी हक्कांची सनद स्वीकारली आणि ती नुसती भिंतीवर लावली नाही. काम किती झाले हे मोजता यावे म्हणून निर्देशक ठरवले आणि नागरिकांच्या तक्रारी ऐकायला मानवी हक्क लोकपाल नेमला. प्रतिज्ञा मोजता येते, तिच्यासाठी माणूस नेमता येतो.

म्हणून मी मागते आहे ते स्पष्ट आहे. ज्यांचे कागद दंगलीत जळाले त्यांच्याकडून कोणते पर्यायी पुरावे घ्यायचे, याचे परिपत्रक काढा आणि ते प्रत्येक खिडकीवर लावा. निकाली काढलेले असे सर्व अर्ज, फक्त माझ्या आईचा नव्हे, पुन्हा उघडा. प्रतिज्ञापत्रातल्या प्रत्येक कलमापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे नाव, मुदत आणि अंदाजपत्रकातली तरतूद लिहा आणि तो तक्ता दरवर्षी सभागृहात वाचून दाखवा, जे झाले नाही त्याच्या कारणांसह. शांतता समितीत दंगलग्रस्त वस्त्यांतली माणसे घ्या आणि तिची कार्यवृत्ते लोकांसमोर ठेवा. हे होईपर्यंत माझ्या आईचे छायाचित्र महापालिकेच्या फलकांवरून आणि पत्रकांवरून काढून टाका. तिने त्यासाठी संमती दिली होती, ती या पत्राने आम्ही दोघी मागे घेत आहोत.

पुढच्या सर्वसाधारण सभेची तारीख जाहीर झाली आहे. आमच्या वस्तीतली ज्यांचे अर्ज परत आले आहेत ती सर्व कुटुंबे आपापले शेरे घेऊन प्रेक्षक सज्जात बसणार आहेत. हा विषय कार्यपत्रिकेवर घ्यावा, अशी लेखी मागणी मी आज सचिवांकडे दिली असून तिची पोच माझ्याकडे आहे.

आपली,
या शहरातील एक नागरिक