यंत्र मिळालं, आता ऐकायला शिकवण्याची तरतूद करा

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऐकू न येणाऱ्या मुलाच्या आंतरकर्णात कॉक्लिअर इम्प्लांट हे ऐकण्याचं यंत्र बसवतात. त्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी ‘स्विच ऑन’चा दिवस येतो. आवाज टिपणारा कानामागचा प्रोसेसर पहिल्यांदा सुरू होतो, बाळ दचकतं, कधी भोकाड पसरतं, घरच्यांचे डोळे भरून येतात. खात्याच्या अहवालात तोवर ही केस निकाली निघालेली असते. आमचं काम मात्र त्या दिवशी सुरू होतं.

मी श्रवण-वाचा तज्ज्ञ आहे. ऐकू कमी येणाऱ्या मुलांना ऐकून बोलतं करणं हा माझा व्यवसाय. स्विच ऑनच्या दिवशी मूल दीड वर्षाचं असलं, तरी आम्ही त्याचं श्रवणवय शून्य धरतो. आंतरकर्णातला कॉक्लिया गर्भातल्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास कामाला लागतो, त्यामुळे ऐकू येणारं बाळ जन्माला येतं तेच काही महिने आवाज ऐकून. ते धरलं तर जन्मतः ऐकू न येणारं हे मूल जवळजवळ दोन वर्षांनी मागे आहे. यंत्र आवाज मेंदूपर्यंत नेऊन सोडतं. त्याचा अर्थ लावणं मेंदूला शिकावं लागतं, आणि या शिकण्याला वयाची मर्यादा आहे. अनू शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद बहुतेक वेळा वयाला साजेसा होत गेला. सात वर्षांनंतर इम्प्लांट झालेल्यांत तसं क्वचितच दिसलं.

थेरपी म्हणजे ‘बोल बाळा, बोल’ असं घोकून घेणं, हा समज बऱ्याच कार्यालयांतून आहे. म्हणून एका सत्रात काय चालतं ते सांगते. मूल आईच्या शेजारी बसतं, समोर नाही. ओठ वाचायची सवय लागू नये म्हणून. मी डबा दाखवत नाही. आधी नुसतं म्हणते, “चेंडू डब्यात टाक.” मग थांबते. हे थांबणं सगळ्यात अवघड, कारण आईला राहवत नाही, तिचा हात आपोआप डब्याकडे जातो. मूल चेंडू टाकतं. पुढच्या वेळी मी म्हणते, “चेंडू डब्यातून काढ.” ‘डब्यात’ आणि ‘डब्यातून’ यांतला फरक शब्दाच्या शेपटाला असतो, तिथे आवाज पडलेला असतो. कानावर पडता पडता आपल्याला जे फुकटात कळलं, ते या मुलाला शेकडो वेळा, मुद्दाम, खेळाच्या ओघात ऐकवावं लागतं.

ते मी आठवड्यातून एका तासात ऐकवू शकत नाही. घरचेच ऐकवू शकतात: अंघोळ घालताना, कपडे वाळत घालताना, टीव्ही बंद करून, मुलाजवळ बसून. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने घसरतो; खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून मारलेली हाक या मुलाच्या उपयोगाची नाही. म्हणून सत्रात खरी शिकाऊ असते ती आई, वडील किंवा आजी. आणि मजुरी बुडवून, मूल कडेवर घेऊन, दोन गाड्या बदलून येणाऱ्या आईने सत्र चुकवलं, की आम्ही कागदावर लिहितो ‘पालकांचं सहकार्य नाही’. हे वाक्य वाचून मला आमच्याच पेशाची चीड येते.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. घरच्यांना आम्ही रोज सकाळी सहा आवाजांची चाचणी करायला सांगतो: म्, ऊ, आ, ई, श्, स्. डॅनियल लिंग यांनी रूढ केलेली ही चाचणी दोन मिनिटांत होते आणि बोलण्यातले खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे आवाज ऐकू येतात का ते तपासून घेते. मूल ‘आ’ला वळलं आणि ‘स्’ला गप्प राहिलं, तर मॅपिंग, म्हणजे त्या मुलासाठी प्रोसेसरची केलेली जुळणी, तपासायला हवं. कशालाच वळलं नाही, तर बहुधा बॅटरी संपली आहे किंवा वायर तुटली आहे. एवढंसं ते काम. पण हमीची मुदत संपल्यावर त्या वायरसाठी मंजुरी मागत फिरणारे पालक मी पाहिले आहेत. तोवर लाखमोलाचं यंत्र ड्रॉवरमध्ये आणि मूल पुन्हा शांततेत. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची तीच गत. बाळाचा कान वाढतो, कानात बसणारा यंत्राचा साचा, म्हणजे मोल्ड, सैल होतो, शिट्टी वाजू लागते आणि यंत्र काढून ठेवलं जातं.

जन्मानंतर पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार हे १-३-६ चं सूत्र आपल्या अधिकाऱ्यांना तोंडपाठ असेल. त्यातल्या उपचारात थेरपी येते. तरतुदीचा भर मात्र यंत्रावरच दिसतो.

जाता जाता एक. ही मागणी सांकेतिक भाषेच्या विरोधात वाचली जाऊ नये. काही मुलांना यंत्राचा पुरेसा फायदा होत नाही, काही कुटुंबं दोन्ही भाषा निवडतात. भाषेविना राहिलेलं मूल ही खरी हानी आहे, मग भाषा हाताची असो वा तोंडाची. पण बोलण्याचा मार्ग निवडलेल्या घराला यंत्र देऊन वाटेत सोडणं, याला निवड म्हणता येत नाही.

तेव्हा विनंती अशी, की शस्त्रक्रियेच्या मंजुरीपत्रातच पुढच्या किमान तीन वर्षांची थेरपी, मॅपिंग, वायर-बॅटरी आणि पालकांचा प्रवासखर्च मंजूर झालेला असावा. त्यासाठी वेगळी फाईल नको. तज्ज्ञांची पदं भरा. दूरच्या कुटुंबांना व्हिडिओ कॉलवर सत्रं द्या, ती चांगली चालतात, कारण समोर मुलाचं स्वतःचं घर आणि स्वतःची खेळणी असतात. आणि आढावा बैठकीत एक रकाना वाढवा: यंत्र बसवलेल्यांपैकी किती मुलं आज ते दिवसभर वापरतात, आणि त्यांचं भाषावय किती. पहिल्या वर्षी त्या रकान्यातले आकडे वाईट येतील. तरीही ते मागवा.

आपली विश्वासू,
एक श्रवण-वाचा तज्ज्ञ