पेन्सिल दिवाळीनंतर

कोल्हापूर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

जूनमध्ये तुझी बालवाडी उघडली की पहिल्या आठवड्यातच पालक दारात उभे राहून विचारणार, "बाई, लिहायला कधी शिकवणार?" उत्तर आत्ताच ठरवून ठेव. लहान गटाला पेन्सिल नाहीच, मोठ्या गटाला दिवाळीनंतर. एवढं एक धरून बसलीस तरी पुष्कळ झालं.

कारण हाताचं आहे. चार वर्षांच्या मुलाच्या मनगटातली बरीचशी हाडं अजून कूर्चेचीच असतात. पेन्सिल ते मुठीत धरतं आणि खांद्यापासून रेघ ओढतं. त्याला रोज पानभर गिरवायला लावलं की तीच मूठ पक्की होते, आणि पहिलीत ती सोडवताना बाईंचा आणि पोराचा दोघांचाही जीव जातो. म्हणून आधी बोटांना काम दे: चिमटीनं कागद टराटरा फाडणं, शेंगा सोलणं, डब्याची झाकणं फिरवणं, नाडी ओवणं. आणि माती. कुंभार गल्लीतून शाडू किंवा चाळलेली माती आण. वीस मुलांना पाच किलो, म्हणजे प्रत्येकी पाव किलो. लिंबाएवढा गोळा दिलास तर मूल नुसते साप वळत बसतं. मोठा असला की तळहात, अंगठा, मनगट सगळं राबतं. उरलेली माती ओल्या गोणपाटात बांधून ठेव, नाहीतर सोमवारी दगड मिळेल. कणकेच्या भानगडीत पडू नकोस. अन्नाशी खेळ म्हणून घरून तक्रार येते, आणि ती रास्त असते.

खडू अख्खा देऊ नकोस, अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा मोडून दे. तो मुठीत धरून रेघ ओढताच येत नाही, चिमूट करावीच लागते. फळा उभा असू दे, मुलांच्या छातीच्या उंचीवर. उभ्या फळ्यावर मनगट आपोआप मागं वळतं, लिहायला लागतं तसंच.

अक्षरांच्या आधी कान. शब्दाचे ठोके टाळ्यांनी मोजायला लाव: पो-हे दोन, रं-का-ळा तीन. 'गूळ' म्हणालीस की मूल एकच टाळी वाजवेल. ते बरोबर आहे! अक्षरं दोन असली तरी बोलण्यात ठोका एकच असतो. तिथं 'चुकलं' म्हणालीस तर मूल स्वतःच्या कानावरचा भरवसा सोडतं आणि पुढच्या शब्दाला तुझ्या तोंडाकडं बघत बसतं. ऐकलेलं सुटं करता येणं हीच वाचनाची पहिली पायरी. ती मोडली की नुसती पाठ केलेली बाराखडी उरते.

मोठ्या गटात अक्षरं घेताना अ-आ-इ-ई नको. 'अ' आणि 'इ' ही वळणाला अवघड अक्षरं. जुनं ग-म-भ-न बरं, पण त्यातला 'भ' मी बाजूला ठेवते, कारण 'म'च्या शेजारी आला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. घ आणि ध यांचंही तेच, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ देत. तीन अक्षरं झाली की लगेच काना दे: मामा, नाग, मान. मुलाला वाचल्यासारखं वाटलं पाहिजे. पहिली वेलांटी मात्र उशिरा. तिचा आवाज अक्षरानंतर येतो आणि खूण आधी लिहावी लागते, मूल तिथं हमखास गोंधळतं.

आपल्याकडच्या मुली "बाई, मी आलो" म्हणतात. म्हणू देत. तू उत्तरात "आलीस का, ये" म्हण, एवढं पुरे. घरात आई-आजी बोलतात ते चुकीचं आहे असं एकदा ऐकलं की काही मुलं महिनाभर तोंड उघडत नाहीत.

अंकांचं थोडक्यात. शंभरपर्यंत घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला "पाच चिंचोके दे" म्हण आणि बघ. बरीच मुलं मूठ भरून देतात. दहापर्यंत मोजून देता आलं, की बालवाडीचं गणित झालं. विकतचे संच लागत नाहीत. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातल्या साध्यासुध्या वस्तूंवरच बालवाडी उभी केली.

पालक ऐकेनात, तर २०२० चं शैक्षणिक धोरण सांग. त्यात तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा एकच धरलाय, म्हणजे पहिली-दुसरीसुद्धा त्यातच. कुणाची गाडी चुकत नाहीये. तरीही एखादे वडील वही दाखवा म्हणतीलच. त्यांना मुलानं केलेली मातीची बैलजोडी दाखव आणि शिंगं कशी चिमटीनं ओढून काढलीत ते बोटानं समजावून सांग.

बियांचं विसरू नकोस. लहान गटात चिंचोके, मणी नकोतच, नाकात जातात. तिथं बाटल्यांची मोठी झाकणं वापर. गुंजा आणि बिट्टीच्या बिया तर वर्गातच नकोत. दोन्ही विषारी, आणि गुंज दिसायला इतकी देखणी की मुलं खिशात घालून आणतात. मावशींना सांगून ठेव, आवारात बिट्टीचं झाड असेल तर त्याखालची जागा रोज सकाळी मुलं यायच्या आत झाडून घ्यायची.

तुझी,
आई