ती स्लाइड आणि तुझा प्रश्न

लालबाग, मुंबई

प्रिय कुंदे,

परवा तू विचारलंस, "अगं, तू तर तपासण्या करून घेणारी, मग तुला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर कसा?" तेव्हा भाजी लागतेय म्हणून मी फोन ठेवला. भाजीबिजी काही नव्हती, वहिनी मला गॅसजवळ फिरकू देत नाही. राग आला होता. तुझा नाही, त्या प्रश्नाचा. सासूबाईंपासून सगळ्यांनी विचारून झालाय.

तर ऐक. दिवाळीआधीचा माझा पॅप, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या पेशी स्लाइडवर बघतात ती तपासणी, स्वच्छ होता. मार्चमध्ये अंगावरून लाल जायला लागलं. पाळी जायचे दिवस म्हणून तीन आठवडे मीच काढले, तेवढी चूक माझी. बायोप्सीत नेहमीच्या जातीचा कॅन्सर निघाला. टाटात म्हणाले, ब्लॉक घेऊन या. मेणात बसवलेला माझाच तुकडा, पोस्टाच्या तिकिटाएवढा! सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येताना रात्रभर पर्स उशाशी घेऊन जागी होते. इथे त्यावर सिनॅप्टोफायझिन, क्रोमोग्रॅनिन असल्या तपासण्या झाल्या आणि जात बदलली: स्मॉल सेल न्यूरोएन्डोक्राइन, बारीक पेशींचा. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये शंभरात फार तर तिघींना होतो. शाळेत कधी पहिल्या तिनांत आले नाही, ते इथे जमलं.

पॅपमध्ये वरवरच्या पेशी खरवडतात गं. हा बरेचदा वरच्या थराखालीच वाढतो, आणि पेशी हाती लागल्याच तर इतक्या बारीक, काळपट की सुजेच्या वाटाव्यात. शिवाय ह्याला पसरायची घाई. लहान असतानाच गाठींत, फुप्फुसात, यकृतात पळतो. म्हणून नुसती पिशवी काढून भागत नाही. माझी ओटीपोटातली एक गाठ पेट स्कॅनमध्ये उजळली, त्यापुढे काही नाही. फुप्फुसाच्या स्मॉल सेलला देतात तेच औषध मला चालू आहे, सिस्प्लॅटिन आणि इटोपोसाइड. दर २१ दिवसांनी, ओळीने तीन दिवस. नंतर लाईट, म्हणजे रेडिएशन. डॉक्टरीणबाई "बरं होईल" म्हणाल्या नाहीत, "करू" म्हणाल्या. मला ते आवडलं.

सिस्प्लॅटिन किडनीला जाचतं, म्हणून सलाईनवर सलाईन, आणि लघवी मापाच्या भांड्यात करून आकडा लिहायचा. मी आपली दुधाच्या हिशोबाची वही आणलीय. वर 'दोन लिटर, म्हशीचं', खाली 'दुपारी ३.१०, ३५० मिली'. नर्स पोट धरून हसली.

एक काम कर. बहुतेकींत ह्यामागेही एचपीव्ही हा विषाणूच सापडतो, त्यातही १८ नंबरचा जास्त. पुण्याच्या सीरमच्या सर्वाव्हॅक लशीमध्ये १६ आणि १८ दोन्ही आहेत. तुझी धाकटी बाराची झाली ना? चौदापर्यंत दोन डोसांत भागतं. "सुट्टीत बघू" म्हणू नकोस.

आणि येताना फळं नकोत, इथे सफरचंदं सुरकुतलीत. तोंडाला सारखी लोखंडाची चव असते. शेंगाचटणी आण, लसूण जरा जास्त घालून. तो पॅपचा प्रश्न मात्र तिकडे तूच सगळ्यांना समजावून टाक, मला पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका.

तुझी,
सुमी